पडलेल्या सिनेमाची वकील

पडलेल्या सिनेमाची बाजू इतक्या निष्ठेने लढवणारी बाई अख्ख्या दक्षिण गोलार्धात दुसरी नसेल. मुलांनो, तुमच्या मामीच्या, म्हणजे माझ्या सुनेच्या, या आत्या इथे टार्निट उपनगरातच, आमच्या मागच्या रस्त्यावर, मुलगा-सुनेकडे राहतात. सगळेच त्यांना आत्या म्हणतात. त्यांच्या लाडक्या सिनेमाची गोष्ट अगदी छोटी आहे. नव्या, मोठ्या घरात दिवसभर एकट्या असणाऱ्या बाईला वरच्या मजल्यावर पावले ऐकू येतात. तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. शेवटी ती धीर करून वर जाते, तर वर कोणीच नसते. सिनेमा संपतो. मानसशास्त्रीय थरारपट म्हणून त्याची जाहिरात झाली होती. लोक म्हणाले, झोप मात्र छान लागली.

आत्यांना हा निकाल मान्य नाही. फार्मसीत गोळ्या घेताना, देवळात प्रसादाच्या रांगेत, कुठेही त्यांचे वकीलपत्र तयार असते. गळका नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरलासुद्धा त्यांनी आपल्या इंग्रजीत सगळी गोष्ट ऐकवली. तो नळ आवळत ‘टू राइट, लव्ह’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणाला, तेव्हापासून त्या तोच नळवाला बोलावतात. त्यांचा मुलगा एकदा म्हणाला, “आई, दारातली गाडी आधी लाल आहे आणि नंतर निळी. एवढंही बघितलं नाही त्यांनी.” आत्या म्हणाल्या, “तिचं मन थाऱ्यावर नाही, गाडीचा रंग कसा राहील?” तो म्हणाला, “अगं, सगळ्यांनी एकच स्टार दिलाय त्याला.” “तुला प्रिलिमला किती पडले होते? मी घराबाहेर काढलं का?” आणि त्याच्यापुढची चकल्यांची ताटली त्यांनी उचलून नेली. ज्याला सिनेमा कळत नाही त्याला चकलीही कळत नाही, असे त्यांचे मत आहे.

आमचा ज्येष्ठांचा गट महिन्यातून एका दुपारी कम्युनिटी सेंटरमध्ये सिनेमा बघतो. निवड पाळीपाळीने. आत्यांची पाळी आली तेव्हा काय लागणार हे सर्वांना ठाऊक होते. त्यांनी चकल्यांचा मोठा डबा आणला आणि पहिल्या रांगेत बसून त्या पडद्यापेक्षा मागेच जास्त बघत होत्या. मध्यंतरात चहा झाला, चकल्या संपल्या, आणि मंडळी उठू लागली. “नातवंडांना शाळेतून आणायचंय हो,” एकेक जण म्हणाला. आत्या प्रत्येकाला ‘नो वरीज’ म्हणत होत्या. त्या आठवड्यात शाळांना सुट्टी होती.

मी बसून राहिले. दिवे लागले तेव्हा हॉलमध्ये आम्ही दोघीच होतो.

“विहीणबाई, तुम्ही नाही गेलात?”

“हाती घेतलेलं मी पुरं करते.”

“मग शेवट कसा वाटला?”

“फसवणूक वाटली. वर कोणीतरी हवं होतं.”

“हवंच होतं हो,” आत्या म्हणाल्या आणि खुर्च्या एकावर एक रचू लागल्या. “मुलगा-सून सकाळच्या ट्रेनने जातात, येतात ती अंधार पडल्यावर. नातू युनिव्हर्सिटीपाशी राहतो, तिकडे लांब क्लेटनला. दिवसभर मी खाली बसून वर कान देते. म्हटलं, चोर असला तरी चालेल. चहा तरी करीन त्याला.”

दुसऱ्या टोकाने मीही खुर्च्या रचायला लागले.

तेव्हापासून दर मंगळवारी दुपारी त्या मला पटवायला आमच्याकडे येतात. चहा होतो, मुद्दे होतात, कधी आवाजही चढतो, आणि त्यांच्या सुनेची स्टेशनवरून येणारी गाडी वळणावर दिसली की त्या चपला घालतात. खरे सांगायचे तर दुसऱ्याच मंगळवारी मला तो शेवट पटला होता. पण मी अजून तसे म्हटलेले नाही. म्हटले, तर त्या खटला जिंकतील आणि घरी जातील.