साबोहतने अडवलेले जर्दाळू

इस्फारा खोऱ्यात आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने कोणी जात नाही, आणि हात भरायचा म्हणजे सुके जर्दाळूच. म्हणून इस्पितळातल्या मूत्रपिंडाच्या वॉर्डाच्या दाराशी नर्स साबोहत रोज भांडायला उभी असे. पिशव्या उघडायची, जर्दाळू काढून घ्यायची, वर चार शब्द सुनावायची. वीस वर्षांत तिचं डोकं थंड झालेलं कोणी पाहिलं नव्हतं.

एकदा एक बागवाला अडून बसला. "सिस्टर, घरच्या झाडाचे आहेत. यात काय विष आहे?"

"तुम्हाला नाही. आत झोपलाय त्याला आहे."

मग तिने त्याला उभ्याउभ्याच फैलावर घेतलं. मूत्रपिंड रक्तातलं पाणी, साखर, क्षार आधी गाळून काढतं. मग केसाहून बारीक नळ्या त्यातलं कामाचं वेचून रक्तात परत घेतात, आणि रक्तात राहून गेलेलं नको ते बाहेर ढकलतात. जर्दाळूत पोटॅशियम ठासून भरलेलं. नळ्या निकामी झाल्या की ते ढकलणार कोण? रक्तात साचतं आणि काळीज बंद पडतं. बागवाला पुटपुटत निघून गेला. असल्या लोकांचा तिला मनस्वी संताप यायचा.

गेल्या वर्षीपासून तिच्या वडिलांची, इस्तमबाबांचीही मूत्रपिंडं खालावत चालली होती. शरद ऋतूतल्या एका दुपारी त्यांना उचलून वॉर्डात आणलं. हातपाय लुळे, नाडी पस्तीस. हृदयाच्या आलेखावरची उंच टोकदार शिखरं, म्हणजे पोटॅशियम चढल्याची खूण, पाहून साबोहतने आधी डॉक्टरांना हाक मारली आणि मग आईला, मोहिनिसोला, विचारलं, सकाळी काय दिलंस?

"नेहमीचंच. जर्दाळू भिजवलेलं पाणी, वाडगाभर."

साबोहतचा तोल सुटला. नवऱ्याला मारायला निघालीस का, असं ती भर वॉर्डात आईला बोलली. मोहिनिसो भिंतीला टेकून ऐकत राहिली. इकडे डॉक्टरांनी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, डायलिसिसचं यंत्र लावलं. तासाभराने नाडी साठावर आली. इस्तमबाबांनी डोळे उघडून पाणी मागितलं.

तेव्हा कुठे आई बोलली. "चार वर्षांपूर्वी त्यांना मूतखडे झाले, तेव्हा तूच म्हणालीस ना, खड्यांवर हे चांगलं, रोज सकाळी देत जा? एक दिवस चुकवला नाही मी. बंद कर म्हणून कधी सांगितलंस?"

सांगितलं नव्हतं. परक्या हजार माणसांना दाराशी अडवून सांगितलं, पण नर्सच्या घरात हे ठाऊकच असणार असं धरून चालली होती. आता राग काढायला समोर कोणी उरलं नव्हतं, आणि राग तर तसाच होता.

तिने आईला बाकावर बसवलं आणि नळ्यांची सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली. आवाज चढाच ठेवला. उतरवला असता तर रडू फुटलं असतं.