बाजाराच्या दिवशी

फ्रीमाँटमधल्या आमच्या कम्युनिटी जिममध्ये एक काका रोज सकाळी जागेवरची सायकल मारतात, तीही डोक्यावर हेल्मेट घालून. हँडलला इंग्लंडमधल्या कुठल्याशा डोंगराळ भागाचा सायकलिंगचा नकाशा चिमट्याने अडकवलेला असतो. नकाशात चढ आला की ते बटण दाबून पेडल जड करतात. उतारावर पाय मारायचं सोडून शीळ घालत बसतात.

"काका, स्क्रीनवर तिथला व्हिडिओ लावून देऊ का?" मी एकदा विचारलं.

"नको रे! मे महिन्यात लेकीबरोबर खरंच जाणार आहे. तेव्हा बघायला काही शिल्लक ठेवशील की नाही?"

काल मी ट्रेडमिलवर धावत होतो. ऑफिसचा कॉल दहा मिनिटांवर आला होता. इतक्यात काका सायकलवरून उतरले आणि शेजारच्या ट्रेडमिलवर येऊन सावकाश चालू लागले.

"दमलात का?"

"छे! गाव लागलं. आज तिथे बाजार असतो. गर्दीत सायकल हातात धरूनच न्यावी लागते."

त्यांचे दोन्ही हात खरोखरच हँडल धरल्यासारखे पुढे होते. मग माझ्या धावणाऱ्या पायांकडे बघून ते म्हणाले, "जरा हळू. माणसं आहेत."

मी निमूटपणे स्पीड कमी केला.