मामांचं पट्टेरी गवत

गवत उपटायला माणसं लावणारे पुष्कळ पाहिले. गवतापायी माणसांशी भांडणारा मात्र साऱ्या तंजावर मुलखात एकच, आमचे कुंभकोणमचे घरमालक. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती, नोकरीनिमित्त आम्ही त्यांचे भाडेकरू होतो. सारी आळी त्यांना मामा म्हणे, म्हणून आम्हीही. त्यांचं घराणं मराठेशाहीत इकडे आलं आणि मराठीही तेव्हाचीच राहिली.

अंगणात मोगरा नाही, केळ नाही. नुसते पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांच्या गवताचे गड्डे, तिरुचीच्या एका बंगल्यातून ओल्या पंच्यात गुंडाळून आणलेले. सकाळी गवळी दूध काढायला गाय दारात आणी, तेव्हा मामा छत्री उघडून गाय आणि गवत यांच्यामध्ये उभे राहत. गणेशचतुर्थीला भटजींनी दूर्वा कमी पडल्या म्हणून दोन पाती मागितली, तर म्हणाले, "देवास हिरवं होणे. हे नक्को." त्यांच्या बोलीत होणे म्हणजे हवं. तिरुभुवनमचा एक विणकर मात्र लुगड्याच्या काठासाठी पातं न्याहाळत बसला, त्याला दोनदा कॉफी मिळाली. आम्हाला चार वर्षांत एकदा.

या गवताची एक खोड होती. मधूनच निव्वळ हिरवा फुटवा येई, आणि राहू दिला तर तोच माजून सगळे पट्टे गिळून टाकी. म्हणून मामा रोज उकिडवे बसून हिरवे फुटवे मुळासकट काढत. मामी ओसरीवरून म्हणत, "अस्का जन्म गवतांत गेला!" अस्का म्हणजे सारा.

पुढे मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. हिरवं-पांढरं कळेना. आता वर्षभरात अंगण हिरवं होणार, या विचारानं मलाच वाईट वाटू लागलं. पण वर्ष उलटलं तरी पट्टे जसेच्या तसे! एकदा पहाटे उठलो, तर मामी एका हातानं कंबर धरून फुटवे उपटताहेत. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि ओच्यातलं हिरवं गवळ्याच्या गाईसाठी दाराबाहेर ठेवलं.

बदली झाली. निरोप घ्यायला गेलो, तर मामांनी मला गवतापाशी नेलं. "नीट पाहा. हिरवं आहे काय?"

"एकही नाही, मामा."

ते हसले. मग आत ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "पाट घेऊन बैस म्हणावं तीस. कंबर दुखते तिची. मी सांगटलों तर तीस कळेल, मज ठाऊक म्हणून."

मलाही सांगवेना. आमचाच एक पाट गड्ड्यांशेजारी ठेवून आलो. सामानात पाट कमी म्हणून बायको आगगाडीत मायावरमपर्यंत कुरकुरत होती. मग कारण सांगितलं, तेव्हा म्हणाली, "चांगलातला ठेवलात ना?" त्या दोघांची मला अजून फार आठवण येते.