हरेश्वरची बिनभोकाची पेटी

वर्सोव्याच्या बंदरावर हरेश्वरने बांधलेली होडी गळली असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. आधी लाकडाच्या, मग फायबरच्या, जन्मभर होड्याच बांधल्या त्याने. नाकावर माशी बसू द्यायचा नाही. नव्या होडीच्या तळाला हात लावून कोणी नुसतं 'पाणी येणार नाय ना?' असं विचारलं, तरी त्याला जेवण गोड लागायचं नाही.

आणि त्याची बायको अंजनाबाई. काय तिचा आवाज, बाबा! बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायला ती उभी राहिली की शेजारच्या होडीचं इंजिन चालू आहे की बंद, कळायचं नाही. दशरथ नाखवाच्या होड्यांची मासळी त्याच्या बापाच्या काळापासून तीच विकायची. भाव वर जाईना झाला की अशी काही शिवी हासडायची की गिऱ्हाईक हसत हसत पुढचा आकडा बोलायचं.

मग घशाला कॅन्सर झाला. मिशरी, दुसरं काय! डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं आणि श्वास घ्यायला गळ्याला पुढून एक भोक ठेवलं. जीव वाचला, आवाज गेला. बोलायला तोंड उघडलं की भोकातून नुसती हवा सुटायची.

ते भोक सांभाळायचं काम हरेश्वरने स्वतःच्या अंगावर घेतलं. रोज सकाळी साफ करायचं, वरून जाळीचं फडकं बांधायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, आत पाणी गेलं तर थेट फुप्फुसात जाईल. जन्मभर पाण्याला बाहेर ठेवलेल्या माणसाच्या घरात हे असं उघडं भोक! ती आंघोळीला गेली की हा मोरीच्या दाराशी जीव मुठीत धरून उभा. त्याला त्या भोकाचा राग यायचा, खराखुरा राग. पण काढणार कोणावर?

दशरथ नाखवा माणूस वाईट नव्हता. "काकी, तू बरी हो, तुझी जागा कुठे जात नाय," म्हणाला आणि तोवर शर्मिष्ठा नावाच्या तरण्या बाईला पुकारायला उभं केलं. अंजनाबाई घरात बसून झुरायला लागली. खाणं कमी झालं, आरशासमोर उभं राहणं बंद झालं. लिलाव हेच तिचं जगणं होतं हो, तो हातचा गेला तर ती फार दिवस काढणार नाही, हे हरेश्वरला दिसत होतं.

त्यांची पोरगी कल्पिता दुकानांच्या एलईडी पाट्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. तिने सुट्टीच्या दिवशी घरीच बसून आईसाठी बोर्ड जुळवला. लालभडक मोठे आकडे, हातात धरायला बटणांची पट्टी. आईने आकडा दाबायचा, वर सगळ्यांना दिसणार. ओरडायची गरजच नाही. अंजनाबाईने खाटेवर बसून सराव केला आणि तिचा अंगठा असा काही पळायला लागला की तिचं तिलाच हसू आलं. आवाज नाही, नुसते खांदे हलले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसली बाई.

राहिली पेटी. बंदर म्हणजे खारं वारं, बर्फाचं पाणी, मासळीची खवलं. उघडा बोर्ड तिथे तासभर टिकायचा नाही. "बाबा, पेटी तू कर," कल्पिता म्हणाली. "पण मागून आणि खालून भोकं ठेव हां. आतलं सगळं तापतं, हवा खेळली पायजे."

हरेश्वरने पेटी केली. साच्यावर फायबरचे थरावर थर दिले, घासून गुळगुळीत केले. समोरची ॲक्रिलिकची काच रेझिनने कायमची चिकटवली, मागची बाजूही तशीच. वायर बाहेर यायची जागासुद्धा भरून टाकली. झकास पेटी! समुद्रात फेकली असती तरी तरंगली असती.

कल्पिताने फिरवून फिरवून बघितली. "भोकं कुठायत?"

"नाय ठेवली."

"अरे बाबा, तापेल ना ते!"

"पाणी जाईल आत."

"खालच्या बाजूने पाणी कसं जाईल? जरा डोकं लाव ना!"

हरेश्वर उसळला. "एकीला भोक पाडलंय ना? बस झालं! माझ्या हाताने दुसरं पाडणार नाय मी!"

चुलीशी बसलेल्या अंजनाबाईने पदर ओढून गळा झाकून घेतला. पंख्याखाली बोर्ड लावून बघितला, नीट चालला. कल्पिताने विषय सोडला. घोडचूक केली पोरीने, पण बापाचा तो चेहरा बघून तुम्हीआम्हीही हेच केलं असतं.

बंदरावर मे महिन्याचं ऊन होतं. दशरथची होडी कोळंबीने भरून आलेली. अंजनाबाई नवं लुगडं नेसून, गळ्याला फडकं बांधून उभी राहिली. गिऱ्हाईकांना गंमत वाटली, गर्दी जमली. बोटं वर होत होती, आकडे चढत होते, अंजनाबाईच्या डोळ्यांत जुनी चमक आली होती. हरेश्वर मागे उभा राहून बघत होता, त्याचा ऊर भरून आला.

भाव ऐन रंगात आला आणि आकडा अडकला. अंजनाबाईने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. वरचा आकडा ढिम्म. त्याच्या पुढच्या भावाला बोटं वर झालेली होती, पण पुकारणारीचा शेवटचा आकडा म्हणजे शब्द, ही बंदराची रीत. एक व्यापारी बरोबर तेवढंच धरून बसला. "बोर्डावर आहे तोच भाव! पक्का! उचला रे माल!"

ती हात हलवत होती, मान हलवत होती. तोंड उघडून जीव खाऊन ओरडली आणि फडक्यातून फुस्स करून हवा आली. लोक हसले. कोणीतरी मेल्याने म्हटलं, "म्हातारे, बोर्डाला बर्फ लाव!" तिने पेटीवर थापा मारल्या. हरेश्वर धावला. पेटी हाताला चटका देत होती आणि उघडायला कुठे झाकण नाही, स्क्रू नाही, काही नाही. त्याने ठेवलंच नव्हतं. तोवर कोळंबी मातीमोलाने उचलली गेली आणि दशरथने शर्मिष्ठाला हाक मारली.

संध्याकाळी दशरथ घरी आला. "काकी, खलाशांचीपण पोरंबाळं आहेत गो. आता नाय जमणार." शांतपणे बोलला. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

सकाळ होताच हरेश्वरने ग्राइंडर लावून स्वतःची पेटी कापली. मागून आणि खालून ड्रिलने भोकं पाडली. प्रत्येक भोक आरपार जाताना त्याने डोळे मिटून घेतले. मग पेटी भर उन्हात पत्र्यावर ठेवली. बोर्ड चालत राहिला. कल्पिताने हात लावून बघितलं आणि "आता ठीक आहे," एवढंच म्हणाली.

तो पेटी उचलून थेट दशरथकडे गेला. "आता हवा खेळते. एकदा, फक्त एकदा उभी कर तिला."

दशरथने पेटी निरखली. मग म्हणाला, "काका, बोर्ड चांगला झालाय. मलाच दे तो. शर्मिष्ठाचा घसा बसतो हल्ली, तिला कामाला येईल."

पेटी दशरथच्या अंगावर घालावी असं हरेश्वरला वाटलं. मागे वळला तर अंजनाबाई उभी. त्याच्या मागोमाग चालत आली होती, तिने सगळं ऐकलं होतं. तिने नवऱ्याकडे बघितलं आणि मान हलवली. दे.

दुसऱ्या दिवशी बंदरावर तिनेच पदराने बोर्डाची काच पुसली, बटणांची पट्टी शर्मिष्ठाच्या हातात दिली आणि कुठे कसं दाबायचं ते अंगठा धरून दाखवलं. मग कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या रांगेत शेवटी जाऊन बसली.

बोर्ड त्या दिवशी ऊन उतरेपर्यंत चालला. एकदाही अडकला नाही.