दादाच्या कॅसेटने माझं नाक कापलं

मंडळी, दुपारपासून डोकं फिरलंय.

गुरुग्रामला ऑफिसातल्या विवेकच्या घरी जुन्या रॉक अल्बमच्या रेकॉर्ड ऐकायला जमलो होतो. मी नेहमीसारखं ज्ञान पाजळत होतो. या बँडचा पहिला अल्बम नुसता आरडाओरडा, दुसरा गुळगुळीत, तिसरा मात्र बाप. त्याच्या शेवटच्या गाण्यात गिटार ऐन रंगात असताना खटकन थांबते. हिंमत लागते यार त्याला.

विवेकने तोच लावला. गिटार थांबलीच नाही. आणखी चार मिनिटं वाजत राहिली.

"भाई, ये तो चल रहा है," विवेक म्हणाला. सगळे हसले.

तिथूनच पुण्याला दादाला फोन लावला. शाळेत असताना त्यानेच मला हा अल्बम कॅसेटवर भरून दिला होता.

"अरे, टेप संपली होती," तो शांतपणे म्हणाला.

वीस वर्षं या माणसाने माझं तेच भाषण ऐकलं आणि एकदाही तोंड उघडलं नाही.

आणि ती उरलेली चार मिनिटं इतकी रटाळ आहेत की काय सांगू. माझ्या कॅसेटवरचा शेवटच चांगला होता. ती कॅसेट मागितली, तर म्हणे गेल्या दिवाळीत भंगारात दिली.

आता मी भांडू कुणाशी, दादाशी की बँडशी?