मागून जेवणारे तात्या

तात्यांना जेवताना आमच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं. सुरतेतल्या बमरोलीच्या एका खोलीत आम्ही चौघं राहत होतो. माझे वडील, म्हणजे दादा, हिरामणकाका, तात्या आणि मी. ते तिघंही लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर कामाला. संध्याकाळचा स्वयंपाक तात्या करायचे, वाढायचेही तेच, आणि "जेवा रे भो, मी मांगून जेवसू," म्हणत स्टोव्हपाशी बसून राहायचे. मांगून म्हणजे नंतर. खानदेशातून एकटी आलेली माणसं सुरतेत अशीच राहतात. ज्याच्या हातात पळी, तो शेवटी जेवतो. हा आमच्या खोल्यांचा रिवाजच, म्हणून त्यात कोणाला काही वाटलं नाही. तात्यांचं तोंड वर्षानुवर्षं मिटत चाललं होतं, त्यात दोन बोटंसुद्धा जात नव्हती, आणि हे सगळं त्या रिवाजाआड लपून राहिलं.

मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि अजूनही वर्गात बोलायचं म्हटलं की आवाज आत जातो. तात्यांना मात्र माझं कॉलेज हे माझं नावच वाटायचं. "कॉलेज, ताट ली ये." "कॉलेज, मीठ बरोबर शे का?" खोलीत एकच दिवा होता आणि त्याच्या खालची जागा त्यांनी मला देऊन टाकली होती. मी भांड्यांना हात लावला की म्हणायचे, "तू वाच. भांडा घासाले मी शे ना."

पूर्वी तात्या भाकरी करायचे, मग चकोल्या करू लागले. नंतर एकदा किराणा दुकानातून त्यांनी सुटी मॅकरोनी आणली, आणि आठवड्यातले बरेच दिवस तीच होऊ लागली. नवरात्र संपून दिवाळी जवळ आली होती. दुपारी पत्रा तापलेला, संध्याकाळी मात्र हवा जरा मऊ व्हायची. तात्या कामावरून येताना भाजीच्या लारीवरून गंगाफळाची फाक, पापडी आणि दुधी आणायचे. भाजीवाली हसायची, "काका, पाछुं कोळुं?" म्हणजे पुन्हा भोपळाच का. तुरीच्या डाळीत फोडी गळेपर्यंत शिजवायच्या, त्यात मॅकरोनी, वरून लसणाची फोडणी. काळा मसाला टाकण्याआधी ते एक वाटी बाजूला काढून ठेवत. विचारलं तर म्हणत, "चाखाले." त्या वाफेने खोलीतला लूमच्या तेलाचा वास थोडा वेळ दबायचा. मला तेवढा वेळ आपण घरात आहोत असं वाटायचं.

हिरामणकाकांना मात्र भाकरीच हवी. ते चिडवायचे, "तात्या, तुम्ही ते शेठ व्हयी गयात. भाकर इसरी गयात."

तात्या पळी थांबवत नसत. "भाकरले दात लागतस. याले नुस्तं पोट पुरस."

"मंग दात काय इकी टाकात?"

सगळे हसायचे. तात्याही हसायचे, पण ओठ मिटून. ती त्यांची ढब आहे असं आम्ही धरून चाललो होतो.

दोन दिवाळ्या ते गावी गेले नव्हते. बायको आणि दोन मुली शिंदखेड्याकडे राहत होत्या, आणि तात्या न चुकता पैसे पाठवत. कोणी गावी निघालं की त्याच्याबरोबर मुलींसाठी कापड द्यायचे, स्वतः मात्र जायचे नाहीत. शेठ सुटी देत नाही, असं सांगायचे. दादांना ते खटकायचं, कारण त्याच शेठने दादांना सुटी दिली होती.

एका संध्याकाळी जेवणं झाली, दादा आणि हिरामणकाका ओट्यावर जाऊन बसले. परीक्षा जवळ आली होती म्हणून मी दिव्याखालीच थांबलो. तात्यांनी बराच वेळ वाट पाहिली, मग माझ्याकडे पाठ करून वाटी घेतली. भिंतीवर टांगलेल्या आरशात मला ते दिसत होते. चहाच्या चमच्याने मॅकरोनीचा एकेक तुकडा ओठांच्या फटीतून आत सारायचा, मग डोळे मिटून गिळायचं. वाटी गार होऊन गेली तरी अर्धी उरली होती.

"तात्या, तोंड उघडा ना."

त्यांनी चमचा खाली ठेवला. उघडायचा प्रयत्न केला. गालावरच्या शिरा ताठ झाल्या, पण फट तेवढीच राहिली.

"तुना बापले नको सांगू," ते म्हणाले. "घर गऊ ते पयलं ताट माले वाढतीन. पोरी समोर बठतीन. कसा जेऊ? बायकोले कळनं ते माले परत येऊ देवाव नही. मंग घर कसं चालीन?"

तेव्हा मला समजलं. सुरतेत ते सगळ्यांच्या मागून जेवू शकत होते. गावाकडे घरच्या पुरुषाला ती सोय नव्हती.

मी दादांना सांगितलं. दादांनी दुसऱ्या दिवशी खाडा केला आणि आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टर होता. त्याने आत बॅटरी मारून पाहिलं आणि आधी तात्यांनाच विचारलं, "केटला वरस पुडी खाधी, काका?" लूमवर झोप येऊ नये म्हणून गुटख्याची पुडी सगळेच खातात, तसे तात्याही खात आले होते. गालाच्या आत गाठ होती. डॉक्टरांनी दादांना बाजूला घेऊन सांगितलं की घरच्यांना कळवा, आता उशीर करू नका.

दिवाळीच्या सुटीत मी त्यांना घेऊन भुसावळ पॅसेंजरने गेलो. गाडीत ते खिडकीबाहेर पाहत होते. मला त्यांनी एवढंच विचारलं, "परीक्षा कशी गई?"

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. तात्यांच्या बायकोने, काकूंनी, त्यांच्या आवडीचं केलं होतं, कळण्याची भाकर आणि हिरव्या मिरचीचं भरीत. पाट मांडला. दोन्ही मुली समोर येऊन बसल्या. तात्या उभेच. म्हणाले, "या कॉलेजले वाढ. मी मांगून जेवसू."

काकू हसल्या. "आठे मांगून मी जेवस. बसा तुम्ही."

ते बसले. भाकरीचा तुकडा मोडला आणि बोटांत धरून राहिले. काकूंचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी ताट उचलून आत नेलं, भाकर दुधात कुस्करून आणली आणि समोर बसून स्वतःच भरवू लागल्या. प्रत्येक चमच्याला, लहान मुलाला भरवताना होतं तसं, काकूंचं तोंड आपोआप उघडत होतं. धाकटीला वाटलं आई गंमत करते आहे. ती हसली. थोरलीने तिचा हात घट्ट धरला.

तात्या परत आले नाहीत. उन्हाळ्यात त्यांच्या गावचा एक माणूस खोलीवर येऊन तात्या गेल्याचं सांगून गेला. शेवटी पाणीही जात नव्हतं, म्हणाला. तो गेल्यावर कोणी दिवा लावला नाही. हिरामणकाका ओट्यावर जाऊन बसले. त्यांना रडू आवरत नव्हतं. रडता रडताच त्यांनी खिशातून पुडी काढली, दातांनी फाडली, आणि मान मागे टाकून तोंडात रिकामी करू लागले. दादा शेजारी बसले होते. मला वाटलं, ते आता काही बोलतील. दादांनी हिरामणकाकांकडे पाहिलं, आणि उरलेल्या पुडीसाठी आपला तळहात पुढे केला.