एका किल्लीची चौदा कुलपे

कोणी कुलूप घेऊन आला की दस्तगीर मिस्त्री आधी विचारायचे, "तुमचंच हाय न्हवं?" मग ते मांडीवर ठेवून माझ्याकडे वळायचे, "मोजा, मास्तर." मी शाळेत गणित शिकवत असे, म्हणून हे काम माझ्याकडे. माझ्या घराचे भक्कम कुलूप त्यांनी मी सतरा म्हणेपर्यंत उघडले होते. मला राग आला. ते म्हणाले, "माझ्यावर कशापायी चिडताय? कुलपावर चिडा की."

गेल्या महिन्यात ते वारल्याचे मुरगूडहून कळले. पेठेत एक जण म्हणाला, "चोरांचा मास्तर गेला." म्हणून हे लिहायला बसलो.

शुक्रवारी नमाज झाल्यावर त्यांच्या दुकानात आम्ही जमत असू. एक सोनार, एक अत्तरवाले, कचेरीतले एक कारकून, मी आणि मिस्त्री, असे पाच. कुलूप आतून कसे चालते एवढाच नाद. मिस्त्रींचा नियम ठरलेला, "उघडायचं त्ये मालकाच्या म्होरं. कळलं त्ये समद्यांच्या म्होरं." सोनाराने एकदा गंमत म्हणून शेजाऱ्याचे कुलूप आणले, तर त्याला पायरीवरूनच परत धाडले. आणि कुलूप उघडायच्या तारेला नवा वळसा सापडला की रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारून दाखवत.

महाराज गादीवर आल्यावर काही वर्षांनी प्लेग आला. लोक घरांना कुलपे लावून माळावर झोपड्यांत राहायला गेले. पेठेतल्या एका व्यापाऱ्याची पितळी कुलपे तेव्हा हातोहात खपली. आमच्यात तिघांकडे ती होती. मिस्त्रींनी एकाच किल्लीने तिन्ही उघडली.

ते आधी व्यापाऱ्याकडे गेले. त्याने गप्प बसायला सांगितले. तेव्हा मिस्त्री म्हणाले, "आता लोकांस्नी सांगू." मीच आडवा आलो. चोरांना आयते कळेल, लोक घरी परतेपर्यंत थांबू, असे माझे म्हणणे. हात वर झाले, चार विरुद्ध एक.

"मास्तर, चोराचा धंदाच हाय त्यो, त्याला ठावं असनारच. ठावं न्हाय ते घरवाल्याला. मग गुपित कुनापास्नं ठेवताय?"

तरी मी हात खाली घेतला नाही. मिस्त्री आमच्या शब्दाखातर थांबले.

बाराव्या दिवशी तानूबाई शिंपीण आपले घर बघून आली. लोकांनी शिवायला दिलेले सगळे कापड गेले होते, आणि दाराला कुलूप जसेच्या तसे. चोराने जाताना ते परत लावले होते. माळावर निवाडा व्हायला वेळ लागला नाही.

"कुलूप शाबूत हाय की. कापडाला काय पाय फुटलं?"

"इकलं असंल. एकटी बाई, पोट कुठं थांबतंय?"

"किल्ली माझ्या कमरंची हाललीबी न्हाय," ती पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि तेच तिच्यावर उलटत होते. ती खरे बोलते आहे हे ठाऊक असलेले आम्ही पाच जण तिथे होतो. आम्ही चौघे पायांकडे बघत होतो.

मिस्त्री उठले. तानूबाईची किल्ली मागून घेतली. "ज्याच्या पेटीला पितळी कुलूप हाय, त्यानं घिऊन या. मोजा, मास्तर."

मी मोजले. एकतीस कुलपे आली. चौदा उघडली.

"हिच्या किल्लीनं तुमची चौदा उघडली. मग तुमच्या किल्लीनं हिचं उघडंल का न्हाय?"

तानूबाई सुटली. मिस्त्री अडकले. व्यापाऱ्याने तक्रार केली, फौजदाराने तारा आणि कानशी जप्त केल्या. वर सांगितले, यापुढे कुलूप उघडायचे ते दार लावून. मिस्त्री म्हणाले, "दार लावून कुलूप उघडतो त्यो चोर, सायेब." त्यांनी दुकान मोडले आणि मुरगूडला जाऊन विळे-खुरपी करू लागले. बारा दिवस तोंड आम्ही बंद ठेवले होते. आम्हाला कोणी काही विचारले नाही, आणि मीही आपणहून काही सांगितले नाही. त्या व्यापाऱ्याने तीच कुलपे काळा रंग देऊन पुढच्या साली विकली. लोकांनी ती घेतली. ज्यांची चौदा उघडली होती त्यांनीसुद्धा.

दोन वर्षांनी त्याच व्यापाऱ्याच्या वखारीची किल्ली हरवली. स्वतःच्या दाराला त्याने आपल्या दुकानातले कुलूप लावले नव्हते; चांगले विलायती होते. मुरगूडला टांगा गेला. मिस्त्री आले तेव्हा वखारीपुढे निम्मी पेठ जमली होती.

"आधी ह्यांना हाकला," व्यापारी म्हणाला.

मिस्त्री पायरीवर बसले. "मालक म्होरं हाय, ब्येस झालं. आता लोकबी ऱ्हाऊ द्यात."

"माझं कुलूप कसं उघडतं ते गावाला दाखवता?"

"व्हय. न्हायतर मुरगूड काय लांब न्हाय."

व्यापाऱ्याने घण मागवला. मिस्त्रींनी वहाणा चढवल्या आणि गर्दीत मला शोधले. "मोजा, मास्तर."

मी मोठ्याने मोजले. सव्विसाव्या घावाला सागवानी दार फुटले आणि कडी कुलपासकट उखडून खाली पडली. मागून तानूबाईचा आवाज आला.

"कुलूप शाबूत हाय की."